प्रशिक्षित कुत्रीला रुग्णालयाच्या दारात अडवले, तर

इंदूरच्या एका वाचक भगिनींना दृष्टिदोष असून त्या प्रशिक्षित लॅब्रॅडॉर कुत्रीच्या साहाय्याने वावरतात. एका खाजगी रुग्णालयात तपासणीची फी आगाऊ भरलेली असतानाही सुरक्षारक्षकाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचे कारण सांगून त्यांना परत पाठवले. रुग्णालय, मंदिर, सणाची मिरवणूक अशा गर्दीच्या ठिकाणी कुत्री नेण्याचा हक्क आपल्याला आहे का, असे त्यांनी विचारले आहे. या आशयाची पत्रे वरचेवर येतात.

रक्षकाने सांगितलेला ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश रुग्णालये, शिक्षणसंस्था, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटक्या कुत्र्यांविषयी आहे. मालकाच्या हाती पट्ट्याने बांधलेल्या कुत्रीला त्याचा आधार घेऊन अडवता येत नाही.

खरा प्रश्न दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २ मधील एका व्याख्येचा आहे. या अधिनियमात साहाय्यक श्वानाचा नावाने उल्लेख नाही, त्यामुळे आपला संपूर्ण दावा ‘वाजवी सोय’ या संज्ञेवर उभा राहतो. एखाद्या विशिष्ट प्रकरणात अवाजवी बोजा न पडता करता येण्याजोगे आवश्यक आणि योग्य बदल, असा तिचा आशय असून अशी सोय नाकारणे हा त्याच कलमानुसार भेदभाव ठरतो. ‘विशिष्ट प्रकरणात’ हे शब्द आपण पुन्हा वाचावेत. ‘पाळीव प्राण्यांना मज्जाव’ अशी पाटी सर्वांना एकाच मापाने मोजते. ही व्यक्ती, ही कुत्री आणि ही जागा यांचा विचार झाल्याचे ती दाखवत नाही, आणि तिथेच आपली बाजू बळकट होते. मात्र हेच शब्द आपल्यालाही बांधतात. आपण सोय मागितलीच नसेल, तर समोरच्याने कशाचा विचार करायचा होता, हा त्यांच्या वकिलाचा पहिला प्रश्न असेल.

आपण आधी लेखी कळवले नाही, नकार लेखी मागितला नाही, व्यवस्थापनाकडे तक्रार केली नाही, आणि आता काही महिने उलटल्यावर विचारणा करत आहात. प्रवेशद्वारावरील कॅमेऱ्याचे चित्रण कायम ठेवले जात नाही. ते एव्हाना पुसले गेले असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय कुत्रीच्या रेबीज लसीची मुदत त्या दिवशी संपलेली होती, हे आपणच लिहिले आहे. मला याचा मनापासून खेद वाटतो, कारण एरवी भक्कम ठरला असता असा दावा आपण स्वतःच्या हाताने कमकुवत केला आहे.

खाजगी रुग्णालयावर हे दायित्व नेमके किती आहे, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. मंदिरात प्रवेश मिळेलच, अशी हमी मी देणार नाही. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोरच्या रेटारेटीत कुत्री नेण्याचा आग्रह तर धरूच नये, कारण तिथे अवाजवी बोजाचा बचाव सहज मान्य होईल. तिने कोणाला इजा केली आणि त्यात आपला निष्काळजीपणा दिसला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू होऊ शकते.

फी भरलेली असल्याने ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीची मुदत दोन वर्षांची असून आपण राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे हा कायदा सांगतो. प्रत्यक्षात पक्षकार तारखा मोजत राहतात आणि दृष्टी अधू असलेल्या माणसाला प्रत्येक तारखेला पुन्हा घराबाहेर पडावे लागते, हे मला असह्य वाटते. राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडेही अर्ज करता येईल, परंतु त्यांच्याकडून येते ती शिफारस असते.

म्हणून आधी लस टोचून घ्या आणि महापालिकेकडील नोंदणी पूर्ण करा. मग त्याच रुग्णालयाकडे पुढील तपासणीची तारीख नमूद करून पोचपावतीसह अर्ज द्या. त्याला दिव्यांगत्व प्रमाणपत्र, लसीकरणाची नोंद आणि प्रशिक्षकाचे पत्र जोडा. कुत्री पट्ट्याने बांधलेली असेल आणि शस्त्रक्रिया विभागात नेली जाणार नाही, हेही स्पष्ट लिहा. नकार द्यायचा असल्यास कारणांसह लेखी द्यावा, अशी मागणी त्यातच करा. ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर आले नाही, तर तो अर्ज आणि पोचपावती घेऊन वकिलाकडे जा. दोन वर्षांची मुदत मात्र पहिल्या घटनेच्या दिवसापासूनच मोजा.