लॅपटॉपला १२८ जीबीचा एसएसडी (डेटा साठवणारी ड्राइव्ह), सी ड्राइव्ह सतत भरून लाल. काय उडवू?

आधी सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स. तिथे ‘प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ दिसलं आणि जुन्या व्हर्जनवर परत जायचं नसेल, तर बिनधास्त उडवा. एका फटक्यात बरेच जीबी सुटतात. ‘डाउनलोड्स’वर टिक करण्याआधी मात्र आत डोकवा, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या हमखास तिथेच पडलेल्या असतात.

१५-२० टक्के जागा मोकळी ठेवाच. एसएसडीला वापरलेल्या जागी नवीन लिहिण्याआधी अख्खा ब्लॉक (मेमरीचा एक कप्पा) पुसावा लागतो. मोकळे ब्लॉक संपले की तो आतला डेटा इकडून तिकडे हलवत बसतो आणि लॅपटॉप रखडतो. (डीफ्रॅगच्या, म्हणजे फाइल्सचे तुकडे सलग लावण्याच्या, नादी लागू नका.)

तरी भागत नसेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, ५१२चा आणा. फक्त लॅपटॉपमधला स्लॉट साटा की एनव्हीएमई (एसएसडी जोडण्याचे दोन प्रकार), ते बघून निघा.