विंचवाचा प्रश्न टाकून बघ

अपटूडेट घेऊ की डायनामेड, डॉक्टरांसाठीच्या या दोन ऑनलाइन संदर्भ-साधनांपैकी कोणतं, असं विचारलंस. पैसे भरण्याआधी दोन्हींची ट्रायल घे, पण डेमोतले प्रश्न नकोत. आठवडाभर ओपीडीत अडलेले प्रश्न जसेच्या तसे डायरीत टिपून ठेव. दहा झाले की तेच दहा दोन्हीकडे टाक, घड्याळ लावून.

त्यात विंचूदंश हवाच. घामाने भिजलेलं, हातपाय गार पडलेलं पोर समोर आहे. प्राझोसिन हे औषध किती द्यायचं, पुन्हा कधी? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर आयुष्य घातलं, 2011 मध्ये त्यांची औषधचाचणी बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. हे काहीच न सांगता साधन अमेरिकेतल्या विंचवावरच बोलत असेल, तर आपल्या कॅज्युअल्टीत ते अपुरं आहे. सापाचंही तेच. आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी. मुलांनाही मोठ्यांइतकाच डोस लागतो, वजनावर कमी करायचा नसतो, हे तिथे स्पष्ट लिहिलंय का बघ.

तारखेपाशी मात्र जरा थांब. अपटूडेटवर दोन तारखा दिसतात: साहित्याचा आढावा कधीपर्यंतचा, आणि हा विषय शेवटचा कधी बदलला. दुसरी ताजी असली तरी तुला हवं ते वाक्य तेव्हाच तपासलं गेलं, असं समजू नकोस. त्या वाक्याचा संदर्भ उघड, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, सारांश वाच. एआयने दिलेल्या उत्तराला तर हे दरवेळी कर. कधी कधी दिलेला शोधनिबंध अस्तित्वातच नसतो.

आणि लेखकांचे औषध कंपन्यांशी असलेले संबंध जाहीर केलेले नसतील, तर ते साधन सरळ सोडून दे.