क्लीव्ह : चिरणे की चिकटणे?

'इंग्रजी शब्दकोशात क्लीव्हचे दोन अर्थ दिसले, दुभंगणे आणि घट्ट चिकटणे. एकाच क्रियापदाला असे उलटे अर्थ कसे?' असा प्रश्न आला आहे. माझं स्पष्ट मत असं की हे एक क्रियापद नाहीच. ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, त्यांचे उच्चार झिजत झिजत एक झाले.

जुन्या इंग्रजीत चिरण्याला 'क्लेओव्हन' म्हणत आणि चिकटण्याला 'क्लिव्हियन'. पहिल्याचं मूळ ग्रीकमधल्या 'कोरणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जुळतं, म्हणजे हायरोग्लिफ (प्राचीन इजिप्तची चित्रलिपी) या शब्दातला 'ग्लिफ' त्याचा भाऊबंद. दुसऱ्याच्या कुळात क्ले म्हणजे चिकणमाती आणि ग्लू म्हणजे डिंक! डच भाषेत ही जोडी आजही वेगळी आहे: क्लोवन म्हणजे चिरणे, क्लेवन म्हणजे चिकटणे. इंग्रजीत मात्र रूपंही एकमेकांत मिसळली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये अब्राहाम लाकडं फोडतो तिथे 'क्लेव्ह' हे भूतकाळी रूप आहे, आणि रूथ सासूला बिलगून राहते तिथेही तेच.

मग वाचणाऱ्याला कळतं कसं? मराठीतला 'नाव' घ्या. संस्कृत 'नाम' आणि 'नौ' या दोन्ही वाटा 'नाव'पाशी येतात, पण 'ते नाव' आणि 'ती नाव' यांत आपली गफलत होत नाही, कारण लिंग सांभाळून घेतं. इंग्रजीत हे काम 'टू' किंवा जुनं 'अनटू' करतं. क्लीव्हनंतर ते आलं की अर्थ चिकटण्याचा, बिलगण्याचा, निष्ठेने जडून राहण्याचा. थेट कर्म आलं की बहुधा चिरण्याचा.

चिकटण्याचा अर्थ आता ग्रंथांपुरता उरला आहे. चिरण्याचं घराणं मात्र भरभराटीत आहे: खाटकाचा क्लीव्हर, दुभंगलेल्या ओठाला क्लेफ्ट, गाईच्या दुभंगलेल्या खुराला क्लोव्हन. अभ्रक ज्या गुणामुळे पापुद्र्यांत सुटतं, त्याला खनिजशास्त्रात क्लीव्हेज म्हणतात.

लसणाच्या पाकळीचा 'क्लोव्ह'ही याच घरातला. पण लवंगेचा 'क्लोव्ह' नव्हे. तो फ्रेंच 'क्लू'वरून, म्हणजे खिळ्यावरून आला. लवंग नीट पाहिलीत तर डोकं असलेला खिळा दिसेलच.