बेळगावचा सीमाप्रश्न नक्की कोण सोडवणार: कोर्ट, संसद की विधानसभा?

राज्यांची हद्द बदलायचा अधिकार संसदेचा, घटनेचं कलम 3. तोही साध्या बहुमताने. संबंधित विधानसभेचं मत मागवावं लागतं, पण ते बंधनकारक नाही. म्हणजे मुंबईत किंवा इथल्या बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये (कर्नाटकचं विधानभवन) कितीही ठराव होऊ देत, निपाणी-खानापूरची रेघ त्याने हलत नाही.

मग 2004 पासून सुप्रीम कोर्टात काय चाललंय? दोन राज्यांच्या भांडणात कलम 131 खाली थेट तिथे दावा लावता येतो. ज्याने ही रेघ आखली, त्या 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यालाच महाराष्ट्राने आव्हान दिलंय. कर्नाटक म्हणतं, हा विषय संसदेचा, कोर्टाचा नाहीच. खरी मेख इथेच आहे. कोर्ट संसदेचा कायदा घटनेच्या कसोटीवर तपासू शकतं, हवा तर रद्दही करू शकतं. नवा नकाशा मात्र संसदेलाच काढावा लागेल. आणि तिथे दोन्ही राज्यांचे खासदार बसलेत!