अपेंडिक्स काढलं तर शरीरातलं काय कमी होतं?

तुमच्या भाचीचं अपेंडिक्स दुर्बिणीने काढलं. सर्जन म्हणाले, "त्याचा तसाही काही उपयोग नसतो." घरच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज मात्र सांगतो की अपेंडिक्स म्हणजे प्रतिकारशक्तीची बँक, ते कधीच काढू देऊ नका. यातलं खरं काय, असं तुम्ही विचारलंय. सर्जननी केलं ते योग्यच, फक्त कारण जुनं सांगितलं. मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, पण सल्ला जिवावर बेतणारा आहे.

मी बरीच वर्षं मेडिकलच्या पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी शिकवली. पोटात उजवीकडे खाली, लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे सीकम नावाची पिशवी असते. तिला लागून असलेली, दुसऱ्या टोकाला बंद अशी बारीक नळी म्हणजे अपेंडिक्स. लांबी साधारण ९ सेंटिमीटर, पण २ पासून २० पर्यंत काहीही सापडतं. बुड ठरलेल्या जागी असतं, शेंडा मात्र कुठेही: कधी सीकमच्या मागे दडलेला, कधी ओटीपोटात उतरलेला. विद्यार्थ्यांना सापडेना की मी सांगायचो, सीकमवर स्नायूंचे तीन पट्टे आहेत, कुठलाही एक धरा आणि बोट खाली न्या. तिन्ही पट्टे अपेंडिक्सच्या बुडाशीच येऊन मिळतात. सर्जनही हीच खूण वापरतात.

ते निरुपयोगी आहे ही समजूत रुजली ती डार्विनमुळे. त्याने १८७१ साली मांडलं की आपल्या पूर्वजांचं सीकम मोठं होतं, आहार बदलला तसं ते आक्रसलं आणि हे शेपूट उरलं. काढून टाकलेली माणसं ठणठणीत राहतात, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. खरं तर एक किडनी दान करूनही माणसं ठणठणीत राहतात, म्हणून किडनीला कुणी बिनकामाची म्हणत नाही.

तरुण माणसाच्या अपेंडिक्सचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की चित्र पालटतं. मधे चिंचोळी पोकळी आणि तिच्याभोवती गोल गोल, गडद जांभळ्या पुंजक्यांचं कडं. या लसिका ऊतींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या गाठी. आतड्यातल्या जिवाणूंची ओळख करून घेणं आणि आयजीए नावाची प्रतिपिंडं बनवायला मदत करणं हे त्यांचं काम. जन्मतः त्या जवळजवळ नसतात, लहानपणी वाढतात, दहा ते तीस वयात भरात असतात आणि म्हातारपणी विरून जातात. आमच्या डिसेक्शन हॉलमधले देह बहुतेक वृद्धांचे. त्यामुळे मुलांना दिसायची ती एक वाळकी दोरी, आणि 'बिनकामाचं' हे मत आणखी पक्कं व्हायचं!

हेच काम लहान आतड्यातल्या पेयर्स पॅचेस नावाच्या आणि इतर गाठीही करतात. म्हणून एक अपेंडिक्स गेल्याने प्रतिकारशक्ती कोसळत नाही.

२००७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या बोलिंजर आणि पार्कर या संशोधकांनी आणखी एक कल्पना मांडली. जुलाबांनी आतडं धुऊन निघालं की चांगले जिवाणूही वाहून जातात. अपेंडिक्स प्रवाहाच्या बाजूला असल्याने त्यातले टिकतात आणि पुन्हा पसरतात. पीक बुडालं तरी कणगीत राखलेलं बियाणं असतं, तसं. मला ही कल्पना पटते. पण माणसांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे तिला सिद्ध झालेली गोष्ट म्हणवत नाही. उत्क्रांतीचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो. हेदर स्मिथ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सस्तन प्राण्यांच्या ५३३ जाती तपासल्या, तेव्हा अपेंडिक्स किमान २९ वेळा स्वतंत्रपणे उगवल्याचं आढळलं, आणि एकदा आल्यावर ते क्वचितच नाहीसं झालं. नुसती अडगळ अशी पुन्हा पुन्हा तयार होत नाही.

मग ते काढतात कशासाठी? कारण दुखणं येतं तेही त्याच रचनेतून. या गाठी सुजल्या किंवा विष्ठेचा खडा अडकला की चिंचोळी पोकळी बंद होते, आत दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो. मग ते सडतं आणि फुटून पोटभर पू होऊ शकतो. गाठी भरात असतात त्याच वयात हा आजार जास्त दिसतो. साध्या सुजेत अँटिबायोटिक्सवर भागवता येतं, पण २०२० च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत अशा दहापैकी सुमारे तिघांना ९० दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं. खडा असेल तर प्रमाण आणखी जास्त. बेंबीपाशी सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली तर एरंडेल पाजू नका, शेकत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

निरोगी अपेंडिक्सचा मात्र आता मान राखला जातो. मूत्राशय नीट रिकामं न होणाऱ्या मुलांमध्ये त्याचीच नळी करून मूत्राशयापासून पोटाच्या कातडीपर्यंत वाट काढतात. मित्रोफानॉफ या फ्रेंच सर्जनने ही पद्धत १९८० मध्ये मांडली. त्यामुळे 'पोट उघडलंच आहे तर काढून टाकू' हा पूर्वीचा शिरस्ता कमी झालाय.

भाचीला जखम भरेपर्यंतचं पथ्य सोडलं तर आयुष्यभराचं काही नाही. पेरू, टोमॅटो बियांसकट खाऊ दे. आणि काढलेलं अपेंडिक्स तपासणीला पाठवलं असेल, त्याचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या. क्वचित त्यात छोटी गाठ (ट्यूमर) निघते, आणि टाके निघाले की तो रिपोर्ट आणायला कुणी जातच नाही.