आर्किटेक्ट रोज साइटवर येत नाही, मग पैसे कशाचे घेतो?

लातूरला घर चालू आहे, आर्किटेक्ट महिन्यातून दोनदा येऊन जातो आणि गुत्तेदार तुमच्या कानाशी म्हणतोय, "नकाशा तर झाला, आता साहेबांना कशाला पैसे?" तुम्ही विचारताय, आर्किटेक्टची जबाबदारी कुठपर्यंत. मी लातूर-धाराशिव पट्ट्यात अठरा वर्षं हाच धंदा करतोय, तेव्हा थोडं आमच्या बाजूनं लिहिलं जाईल, ते धरून चाला.

रोज साइटवर उभं राहणं आमचं काम नाही. आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या अटींतही अधूनमधून पाहणी एवढंच आहे. रोजच्या देखरेखीला मालकानं वेगळा माणूस ठेवायचा. पण अधूनमधून म्हणजे केव्हा, खरी मेख तिथं आहे. माझा हिशोब साधा: जे झाकलं जाणार, ते झाकण्याआधी आर्किटेक्टनं डोळ्यानं बघायचं. पायाचा खड्डा, कॉलमचं लोखंड, स्लॅबची सळई, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. टाइल्सचा रंग काय, नंतरही बदलतो.

माझ्याकडून हे एकदा चुकलंय. औशाकडच्या एका घराचा खड्डा बघायला गेलो नाही, फोनवरच विचारलं, "मुरूम लागला का?" "लागला साहेब, टाका बिनधास्त." एका कोपऱ्यात निव्वळ काळी माती होती. ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली. दुरुस्तीचे निम्मे पैसे मी दिले. गुत्तेदार तोवर दुसऱ्या गावाला.

कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना बांधून ठेवणारी लोखंडी कडी, तर नक्की बघायला लावा. रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवली की धक्क्याला उघडतात. ती १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलेली हवीत आणि बीमजवळ रिंगा दाट, चार इंचांहून लांब नाहीत. सळई वाकवणारा बार बेंडर कुरकुरतो, "साहेब, हात दुखतो." दुखू द्या. आपण किल्लारीच्या जिल्ह्यात आहोत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ वाजता, विसर्जनाच्या रात्री, भूकंपात गावंच्या गावं झोपेत गेली. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, वजन डोक्यावर, खाली मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांचे दोन पदर जोडणारा आरपार दगड कुठंच नाही. तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो झोन तीनमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात आला. लोखंड किती, कुठलं, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. त्याचं ड्रॉइंग साइटवर पोचलं का आणि त्याबरहुकूम काम झालं का, हे बघणं आर्किटेक्टच्या गळ्यात.

दुसरी जबाबदारी पैशाची. आर्किटेक्टांसाठीच्या १९८९ च्या आचारनियमांनुसार त्याला कमिशन घेता येत नाही, आणि मालक-गुत्तेदाराच्या करारात त्यानं निःपक्षपाती राहायचं. म्हणजे गुत्तेदाराचं बिल फुगलं तर कापायचं, पण तुम्ही त्याचे खरे पैसे अडवलेत तर तुम्हालाही सांगायचं. ठरावीक दुकानातूनच फरशी घ्या, असा आग्रह धरला तर सरळ विचारा, तुमचं त्यात काय? मला टाइल्सवाल्यांची पाकिटं आली आहेत. परत करताना अवघड होतं. गाव लहान, उद्या लग्नात तोच समोर बसतो.

अजून एक. आपल्याकडं संगणकावर नकाशा काढणारा प्रत्येक जण आर्किटेक्ट असतो. १९७२ च्या कायद्यानं ते नाव फक्त नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. मात्र काम करायला इतरांना बंदी नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. 'सीए'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागा. नसेल तर तो चांगला इंजिनिअर असू शकतो, पण आर्किटेक्ट नव्हे.

तुमच्या घराचं लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी पट्टी) झालं म्हणता, म्हणजे पुढं स्लॅब. काँक्रीटच्या दोन दिवस आधी आर्किटेक्टला फोन करा, सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्यांच्या साच्यावर, चढायला लावा आणि 'ओके' फोनवर नाही, साइटच्या वहीत सहीनं घ्या. तेवढ्यासाठीही आला नाही, तर त्याचा पुढचा हप्ता थांबवा.