विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ बघताना सुरुवातीला एवढंच सांभाळ

अरे छान, सावंतवाडीत बसून विमानाच्या अंतर-वेळेचा हिशोब शिकतोयस, हळूहळू जमेल. सगळ्यात आधी विमानतळ नक्की कर. नुसतं 'गोवा' टाकू नकोस, गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी वेगळं नि मोपा वेगळं, आणि तुला मोपाच जवळ पडतं.

मुंबई-मोपा सरळ रेषेत साधारण ३९० किलोमीटर, हायवेने त्याहून शंभरावर जास्त भरतात, त्यामुळे रस्त्याचा आकडा इथे लावायचाच नाही.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:
- अंतर भागिले वेग केलं की अर्धा-पाऊण तास येतो, पण तिकिटावर सव्वा तासाच्या आसपास असतो, कारण गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ धरतात, त्यात रनवेपर्यंत जाणं, चढणं-उतरणं सगळं आलं
- तिकिटावरच्या निघायच्या नि पोचायच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून रात्री १० ला निघून दुबईला पावणेबाराला पोचलं तर प्रवास पावणेदोन तासांचा नाही, सव्वातीनचा, दुबईचं घड्याळ दीड तास मागे आहे ना! आखातातल्या भावाला आणायला जाणारे यातच फसतात, परतीला तर तारीखही बदलू शकते, ती नीट बघ

वाऱ्यामुळे जाता-येता वेळ का बदलतो ते नंतर, आत्ता नको. आधी दोन-तीन मार्ग स्वतः काढून बघ, अडलास की विचार.